सोळा बोगी आणि दोन पार : हौशी गोल्फरने स्पर्धेची तयारी कोणत्या क्रमाने करावी

क्लबच्या मासिक मेडल स्पर्धेत नव्याने उतरणारे बहुतेक हौशी गोल्फर तयारी उलट्या क्रमाने करतात. आधी ‘यंदा ८५ फटक्यांच्या आत यायचे’ असे ठरते, मग नवा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारी काठी, म्हणजे क्लब) येतो, मग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बादल्यांमागून बादल्या चेंडू मारले जातात, आणि हँडिकॅप (खेळाडूच्या पातळीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट), कोर्सची आखणी, स्थानिक नियम व कार्ड यांचा विचार पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) उभे राहिल्यावर सुरू होतो. हा लेख साधारण १२ ते २४ हँडिकॅपच्या, आठवड्यातून एक-दोनदा खेळणाऱ्या आणि स्ट्रोक प्ले (सगळ्या होलांचे एकूण फटके मोजण्याच्या) स्पर्धेत ठरावीक जागी घसरणाऱ्या खेळाडूंसाठी आहे. स्विंग कसा असावा याबद्दल येथे काहीही सांगितलेले नाही. ते काम प्रशिक्षकाचे.

टप्पा १ : हँडिकॅप खरा करून घ्या

उद्दिष्ट ठरवण्याआधी हँडिकॅप इंडेक्स प्रामाणिक असला पाहिजे. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये पहिला इंडेक्स मिळण्यासाठी ५४ होलांची कार्डे पुरतात, पण आकड्याला खरा अर्थ येतो तो वीस फेऱ्या नोंदल्यावर, कारण तेव्हा शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरली जाते. याचा सरळ अर्थ असा की इंडेक्स म्हणजे तुमचा नेहमीचा खेळ नव्हे, तर तुमच्या चांगल्या दिवसांचा खेळ आहे. ‘मी कधीच हँडिकॅपप्रमाणे खेळत नाही’ ही तक्रार मी क्लबच्या व्हरांड्यात दर रविवारी ऐकतो. ती तक्रार नसून गणित आहे.

इंडेक्सवरून त्या दिवशीचे फटके असे काढतात. इंडेक्सला कोर्सच्या स्लोप रेटिंगने (सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा) गुणावे, ११३ ने (प्रमाण स्लोप) भागावे आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे फटके) वजा पार (होलला किंवा कोर्सला अपेक्षित फटके) हा फरक मिळवावा. समजा इंडेक्स १६.४ आहे, स्लोप १२४, कोर्स रेटिंग ७१.२ आणि पार ७२. गुणाकार-भागाकाराने जवळजवळ १८ येतात, त्यातून ०.८ वजा होतात, म्हणजे कोर्स हँडिकॅप १७. वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये सर्वसाधारणपणे याचे ९५ टक्के धरतात, म्हणून स्पर्धेसाठी हाती राहतात १६ फटके. टी बदलली की रेटिंग बदलते आणि हा आकडाही बदलतो, त्यामुळे पांढऱ्या टीवरचा हिशेब निळ्या टीवर लावू नये.

*इशारा.* मित्रांच्या चौकडीत दोन फुटांचा पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू होलकडे लोटण्याचा फटका) ‘दिला’ म्हणून उचलण्याची सवय असेल, तर नोंदलेला हँडिकॅप खऱ्यापेक्षा कमी निघतो आणि स्पर्धेत तो तुमच्याच अंगावर येतो. स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक होल चेंडू आत जाईपर्यंत खेळावा लागतो; चेंडू उचलला आणि चूक न सुधारता पुढच्या टीवरून फटका मारला, तर खेळाडू बाद होतो. हँडिकॅपसाठी एका होलचा आकडा नेट डबल बोगीवर (पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारे फटके) थांबवतात, पण स्पर्धेच्या कार्डावर दहा म्हणजे दहाच.

टप्पा २ : उद्दिष्ट एकूण फटक्यांवर नव्हे, होलांच्या मोजणीवर ठेवा

वरच्या उदाहरणातील खेळाडूला १६ फटके मिळतात. नेट (सूट वजा करून) पार म्हणजे ग्रॉस (प्रत्यक्ष मारलेले) ८८. हे ८८ कसे होतात ते कागदावर लिहून पाहावे : सोळा बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) आणि दोन पार. एकाही बर्डीची (पारपेक्षा एक फटका कमी) गरज नाही, आणि दोन होल सोडले तर पारचीही नाही. स्ट्रोक प्लेमधल्या हौशी खेळाडूच्या दृष्टिकोनाचा सगळा पाया या एका ओळीत आहे, आणि तरीही १६ हँडिकॅपचा खेळाडू टीवर असा उभा राहतो, जणू प्रत्येक होलवर त्याच्याकडून पारची वसुली होणार आहे.

या हिशेबात प्रत्येक डबल बोगी फेडायला एक जास्तीचा पार लागतो, आणि ट्रिपलसाठी दोन. म्हणून हंगामाचे उद्दिष्ट ‘किती फटके’ असे न लिहिता ‘एका फेरीत डबल बोगी किंवा त्याहून वाईट होल किती’ असे लिहावे. मागच्या दहा कार्डांवर असे होल मोजावेत. सरासरी सहा येत असेल, तर पुढच्या तीन महिन्यांचे उद्दिष्ट चार हे असावे, दोन नव्हे. पहिल्या वर्षी दुसरे एवढेच उद्दिष्ट ठेवावे की उतरलेल्या प्रत्येक स्पर्धेचे कार्ड पूर्ण करून जमा करायचे. नवव्या होलनंतर ‘आज जमत नाही’ म्हणून कार्ड फाडणारा खेळाडू वाईट फेरी सावरायला कधीच शिकत नाही, कारण ती तो खेळतच नाही.

बक्षिसाचे उद्दिष्ट असेल तर एक गोष्ट आधी पाहून ठेवावी. २०२२ पासून लागू असलेल्या हौशी दर्जाच्या नियमांनुसार हँडिकॅपच्या, म्हणजे नेट स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही. वस्तू किंवा व्हाउचर १,००० अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत चालते. कंपन्यांच्या आमंत्रित स्पर्धांत हे अनेकदा कोणाच्या लक्षात नसते, म्हणून आयोजकांना नाव नोंदवतानाच विचारावे.

*तपासणी.* हँडिकॅप, मिळणारे फटके, आणि डबल बोगींची सध्याची व अपेक्षित संख्या हे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून झाले असतील, तरच पुढे जावे.

टप्पा ३ : फटके कुठे जातात ते शोधा, मग सराव ठरवा

आता तीच दहा कार्डे पुन्हा घ्यावीत आणि प्रत्येक डबल बोगीसमोर तिचे पहिले कारण लिहावे. साधारणपणे कारणे पाचच सापडतात : टीवरून चेंडू हरवला किंवा पांढऱ्या खुंट्यांबाहेर (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला, झाडीतून अवघड फटका मारण्याचा प्रयत्न फसला, ग्रीनच्या आसपासून चिप (जवळून मारलेला छोटा फटका) ग्रीनवर पोचलाच नाही, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) एका फटक्यात निघता आले नाही, तीन पट झाले. आठवत नसेल तर पुढच्या पाच फेऱ्या कार्डाच्या कोपऱ्यात खूण करत खेळाव्यात. ही यादी हाती येईपर्यंत रेंजवर जाऊच नये, असे मी म्हणेन.

यादी पाहिल्यावर बहुतेकांना धक्का बसतो, कारण ज्या गोष्टीचा सराव ते सर्वांत जास्त करतात ती यादीत सर्वांत खाली असते. आठवड्याला तीन तास मिळत असतील, तर सुरुवातीला त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे करून पाहावी.

पहिला तास पटिंगचा असावा, पण त्यातला बराचसा वेळ दहा ते पंधरा पावलांवरून अंतर जुळवण्यात घालवावा, कारण तीन पट होतात ते दिशा चुकल्यामुळे कमी आणि पहिला पट सहा फूट अलीकडे किंवा पलीकडे राहिल्यामुळे जास्त. जगातले अव्वल व्यावसायिकही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट बुडवतात. तेव्हा लांबचा पट होलजवळ तीन फुटांत आणून ठेवणे हेच हौशी खेळाडूचे खरे काम आहे. उरलेला वेळ त्या तीन-चार फुटांसाठी द्यावा.

दुसरा तास पन्नास यार्डांच्या आतला. येथे एकच क्लब आणि एकच साधा, जमिनीलगत घसरत जाणारा चिप पक्का करावा. उंच उडवून थांबवण्याचा फटका पाहायला सुंदर असतो, आणि मासिक मेडलमध्ये तो चेंडूच्या मधोमध लागून ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये जातानाही तितकाच प्रेक्षणीय असतो.

तिसरा तास पूर्ण फटक्यांचा, आणि त्यातही टीवरून ज्या क्लबने चेंडू खेळात राहतो त्याचा. तो ड्रायव्हरच असेल असे नाही. याच तासात प्रत्येक क्लबचे अंतर मोजून घ्यावे : दहा चेंडू मारावेत, सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत जवळचे दोन सोडून द्यावेत, उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहावी. आयुष्यात एकदा सात नंबरने १६५ यार्ड गेलेला चेंडू हे अंतर नव्हे, ती आठवण आहे.

*इशारा.* आपल्याकडच्या बऱ्याच रेंजवर मॅटवरून मारावे लागते. चेंडूच्या मागे जमिनीला लागलेला क्लब मॅटवर घसरून पुढे जातो आणि फटका ठीक वाटतो. गवतावर तोच फटका वीस यार्ड अलीकडे पडतो. शक्य असेल तेथे आठवड्यातून थोडे चेंडू तरी गवतावरून मारावेत. रेंजचे चेंडूही झिजलेले असतात, त्यामुळे मोजलेली अंतरे एकदा स्वतःच्या चेंडूने कोर्सवर पडताळावीत.

स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्यात ग्रिप, स्टान्स (उभे राहण्याची पद्धत) किंवा चेंडूचा ब्रँड बदलू नये.

टप्पा ४ : सराव फेरीत आकडे नकोत, नकाशा हवा

परक्या कोर्सवर स्पर्धा असेल तर सराव फेरी घ्यावी, आणि ती आकडे न मांडता खेळावी. प्रत्येक होलसाठी तीन गोष्टी लिहिल्या की पुरे : चेंडू कुठे जाता कामा नये, टीवरून कोणता क्लब, आणि ग्रीनच्या कोणत्या बाजूला चुकले तर चालेल. खारघरच्या दरीत आणि पुण्यात येरवड्याच्या जुन्या झाडीत एकाच खेळाडूच्या चिठ्ठ्या अगदी वेगळ्या होतील, आणि त्या तशाच व्हायला हव्यात.

पुण्यात खेळायला आलेले मुंबईकर हवा विरळ म्हणून अंतरात मोठा फरक धरतात. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आहे आणि तिच्यामुळे दीडशे यार्डांच्या फटक्यात जेमतेम तीन यार्डांचा फरक पडतो. त्यापेक्षा वाऱ्याकडे पाहावे. किनाऱ्यालगतच्या कोर्सवर दुपारनंतर समुद्राकडून वारा सुरू होतो, त्यामुळे सकाळी सात नंबरने गाठलेले ग्रीन दुपारच्या टी टाइमला पाच नंबर मागू शकते.

टीवरचा क्लब का आधीच लिहून ठेवायचा, ते मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. एका मासिक मेडलमध्ये तेरा होल मी हँडिकॅपच्या आत होतो. चौदावा होल पार चार, उजवीकडे वळणारा, वळणावर दाट झाडी. माझ्या चिठ्ठीवर हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) लिहिले होते. खेळ चांगला चालला होता म्हणून ड्रायव्हर काढला. चेंडू झाडीत गेला, सापडेल याची खात्री होती म्हणून प्रोव्हिजनल (पहिला हरवलाच तर म्हणून मारून ठेवायचा दुसरा चेंडू) मारला नाही, आणि शोधायची तीन मिनिटे संपली. मागची चौकडी टीवर थांबलेली असताना त्यांच्यासमोर परत जाऊन, दंडाचा एक धरून, तिसरा फटका पुन्हा ड्रायव्हरनेच मारला आणि तोही झाडांत, पण या वेळी दिसेल असा. दोन बुंध्यांमध्ये हातभर रुंद फट होती. चौथा फटका त्या फटीतून जायचा होता. तो बुंध्यावर आपटून माझ्या पायांपाशी आला. पाचवा फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर), सहावा बंकरमध्ये, सातवा बंकरमध्येच, आठवा ग्रीनवर, दोन पट. दहा.

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा दिसले की हरवलेल्या चेंडूने दोनच फटके घेतले होते. बाकीचे गेले ते ‘आता भरून काढतो’ या विचाराने. चौथा फटका आडवा, सरळ फेअरवेवर काढला असता तर सात किंवा आठवर होल संपला असता, आणि तेवढ्याने फेरी मोडत नाही.

*तपासणी.* अठरा होलांची चिठ्ठी तयार आहे का? नोटीस बोर्डावरचे स्थानिक नियम वाचले का? पावसाळ्यात आणि त्यानंतर फेअरवेवर चेंडू उचलून ठेवण्याची मुभा असते का, किती अंतरात, आणि पुसता येतो का, हे कमिटी ठरवते. हरवलेल्या चेंडूसाठी मागे न जाता दोन फटक्यांच्या दंडाने पुढे ड्रॉप करण्याची (चेंडू हातातून खाली सोडण्याची) सोयही कमिटीने लागू केली असेल तरच मिळते. रविवारच्या मैत्रीच्या फेरीतील सवय स्पर्धेत आपोआप चालत नाही.

टप्पा ५ : आदली रात्र आणि सकाळ

बॅग आदल्या रात्री रिकामी करून क्लब मोजावेत. मर्यादा १४ ची आहे. मुलाचा पटर किंवा दुकानातून बघायला आणलेली वेज बॅगेत राहून गेली, तर प्रत्येक चुकीच्या होलमागे दोन फटके, जास्तीत जास्त चार, असा दंड पहिल्याच दोन होलांत बसतो. सगळ्या चेंडूंवर स्वतःची ठळक खूण करावी. एकाच ब्रँडचा एकाच क्रमांकाचा चेंडू दोघांकडे असणे अजिबात दुर्मीळ नाही, आणि दुसऱ्याचा चेंडू मारला तर दोन फटके जातात. अंतर मोजणारे यंत्र असेल तर त्यातली चढ-उताराची सोय बंद करावी.

टी टाइमच्या तासभर आधी पोचावे. सुरुवातीच्या जागी पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर पहिल्याच होलवर दोन फटक्यांचा दंड, आणि त्याहून अधिक उशीर झाला तर बाद; पार्किंग भरले होते हे कारण चालत नाही. आधी अंग मोकळे करावे, मग छोट्या क्लबने सुरू करून वीस-पंचवीस चेंडू मारावेत, आणि शेवटची पंधरा मिनिटे सरावाच्या ग्रीनवर लांबचे पट मारून त्या दिवसाचा वेग ओळखावा. रेंजवर चेंडू उजवीकडे जात असतील तर ते दुरुस्त करण्याची ही वेळ नव्हे. आज चेंडू उजवीकडे जातो एवढे समजून थोडे डावीकडे पाहावे.

*इशारा.* स्ट्रोक प्लेच्या दिवशी फेरीआधी कोर्सवर जाऊन सराव करता येत नाही. वाटेत लागणाऱ्या अठराव्या ग्रीनवर दोन चेंडू चिप करून पाहण्याचा मोह टाळावा.

टप्पा ६ : कोर्सवरचे निर्णय

टीवर चिठ्ठी पाहावी आणि लिहिलेला क्लब घ्यावा. चेंडू हरवण्याची किंवा बाहेर जाण्याची थोडीही शंका असेल, तर ‘प्रोव्हिजनल मारतो’ असे स्पष्ट शब्दांत सांगून दुसरा चेंडू मारावा. हा शब्द न उच्चारता मारलेला चेंडू थेट खेळातला ठरतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नसतो. शोधायला तीन मिनिटेच मिळतात.

ग्रीनकडे मारताना पिन (होलमधला झेंडा) विसरून ग्रीनचा मध्य धरावा आणि दोन क्लबांत शंका असेल तर लांबचा घ्यावा. आपल्या पातळीवर चेंडू ग्रीनच्या मागे क्वचित जातो आणि पुढे सतत राहतो, आणि बंकर बहुतेक पुढेच खणलेले असतात.

अडचणीत सापडल्यावर एकच प्रश्न विचारावा : येथून बोगी शक्य आहे का? शक्य असेल तर तिच्याकडे नेणारा सर्वांत कंटाळवाणा फटका निवडावा. शक्य नसेल तर डबलवर थांबवणारा फटका निवडावा. चेंडू खेळण्याजोगा नसेल तर एक फटका देऊन ड्रॉप घेणे हा पराभव नव्हे. झुडपात तीनदा क्लब फिरवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून घ्यावा, जुन्या सवयीने खांद्यावरून नव्हे.

सोबतच्या खेळाडूंशी बोलताना सांभाळावे. ‘कोणता क्लब मारलास?’ हा आपल्या चौकड्यांमधला सर्वांत निरागस प्रश्न स्पर्धेत सल्ला मागण्यात धरला जातो आणि दोन फटके घेतो. अंतर विचारले तर चालते. सल्ला फक्त कॅडीकडून (बॅग वाहणाऱ्या सहायकाकडून) घ्यावा, पण तेथेही एक सवय मोडावी लागते : अनेक कॅडी पटच्या रेषेत मागे उभे राहून ‘थोडं डावीकडे, साहेब’ म्हणत खेळाडूला उभे करतात. तुम्ही स्टान्स घेऊ लागल्यानंतर कॅडीने त्या रेषेत मागे उभे राहू नये असा नियम आहे. हे त्याला पहिल्या टीवर शांतपणे सांगून ठेवावे. सहाव्या ग्रीनवर दंड बसल्यावर त्याच्यावर ओरडणे अन्यायाचे आहे, कारण नियम पाळण्याची जबाबदारी तुमची असते.

एप्रिल-मेमध्ये दर दोन होलांनंतर पाणी घ्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये.

*तपासणी, नवव्या होलनंतर.* एकूण आकडा मोजू नये. फक्त डबल बोगी किती झाल्या ते पाहावे आणि दहाव्या होलची चिठ्ठी उघडावी.

स्पर्धा स्टेबलफर्ड (होलागणिक गुण मिळवण्याची) असेल तर हिशेब सैल होतो. नेट बोगीला एक, नेट पारला दोन, नेट बर्डीला तीन गुण मिळतात आणि बिघडलेल्या होलवर शून्य घेऊन चेंडू उचलता येतो, म्हणून तेथे थोडे धाडस परवडते. मॅच प्लेमध्ये (प्रत्येक होल जिंकण्या-हरण्याच्या स्पर्धेत) तर दहा आणि सहा यांत फरकच नाही, होल एकच जातो. स्ट्रोक प्लेसाठी वर सांगितलेली सावधगिरी मॅच प्लेमध्ये जशीच्या तशी लावणे हीदेखील चूकच आहे.

टप्पा ७ : कार्ड

प्रत्येक होल संपल्यावर, पुढच्या टीवर, मार्करशी (तुमचे आकडे नोंदणाऱ्याशी) आकडा मोठ्याने जुळवावा. फेरीनंतर सावलीत बसून अठराही होल एकेक करून वाचावेत, दोघांच्या सह्या कराव्यात, आणि मगच कार्ड द्यावे. बेरीज करणे आणि हँडिकॅप लावणे ही कमिटीची कामे आहेत. प्रत्येक होलचा आकडा बरोबर असणे ही तुमची जबाबदारी आहे. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकड्यावर सही झाली तर खेळाडू बाद होतो, अपवाद एवढाच की ती चूक आपल्याला माहीत नसलेल्या दंडामुळे झाली असावी. जास्त आकड्यावर सही झाली तर तोच कायम राहतो. नियमाबद्दल शंका असेल तर ती सही करण्याआधी कमिटीसमोर मांडावी.

टप्पा ८ : त्याच संध्याकाळी

कार्ड जमा करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा आणि त्याच संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहाव्यात : डबल बोगी किती, आणि प्रत्येकीचे पहिले कारण काय. ‘नशीब’ हे कारण लिहू नये. चार स्पर्धांनंतर तेच कारण सर्वांत वर येत राहिले, तर टप्पा ३ मधली तासांची वाटणी बदलावी. आणि ते कारण चिठ्ठीवर नसलेला क्लब काढणे हे असेल, तर पुढच्या स्पर्धेत तो क्लब गाडीच्या डिकीत ठेवून तेराच क्लब घेऊन जावेत.